माल्याची लॅब आणि सुलतान

प्रयोग जमला की त्याचा पेपर होतो आणि फसला की किस्सा होतो. माझे पेपर किती ते विचारू नका, किस्से मात्र पोत्यानं आहेत! कुणी म्हणतं, "विजूताई, आयुष्यभर कॅन्सर आणि टी-सेलवर संशोधन केलंत, काहीतरी सांगा ना." मी गंभीर चेहरा करून सुरुवात करते आणि चहा येईपर्यंत मेंढ्यावर घसरलेली असते. इलाज नाही. मेंढा वगळून माझं करिअर सांगायचं तर उरतात फक्त उंदीर.

गोष्ट सत्तरचं दशक संपता संपता सुरू होते. पुण्यातल्या आमच्या संस्थेच्या उंदरांचा वास शेजाऱ्यांना सहन होईना. तेव्हा वरच्यांनी असा तोडगा काढला की उंदीर आणि उंदरांवर काम करणारी माणसं, दोन्ही गावाबाहेर हलवायची. पौडच्या पुढे मुळशीच्या रस्त्याला माले गाव आहे. तिथं एका भल्या माणसानं आपली बंद पडलेली पोल्ट्री संस्थेला देऊन टाकली. झाली आमची लॅब! फाटकावरची "अंडी मिळतील" ही पाटी कुणी काढलीच नाही. एसटीतून उतरून लोक अंडी मागायला यायचे. आमचा टेक्निशियन दिनकर त्यांना शांतपणे सांगायचा, "अंडी संपली. उंदीर देऊ का?"

दिनकर भूगावचा. घरात सगळे पैलवान, हा एकटाच मायक्रोस्कोपवाला. तो, मी आणि आमचे लेले सर एवढाच आमचा संसार होता.

*

लेले सर डॉक्टर होते, शास्त्रज्ञ होते आणि अतिशय सावध होते. पुराव्याशिवाय त्यांच्या तोंडून शब्द निघायचा नाही. "अजून सांगता येत नाही" हे त्यांचं लाडकं वाक्य. पाऊस येईल का? अजून सांगता येत नाही. एसटी गेली का? दिसली नाही, पण त्यावरून सांगता येत नाही.

एकदा मी घरून पुरणपोळ्या नेल्या. सरांनी पहिला घास घेतला. मी आशेनं विचारलं, "कशी झालीय सर?"

"एका घासावरून सांगता येत नाही."

चार पोळ्या संपल्या. मी पुन्हा विचारलं. सर हात धुवत म्हणाले, "हो, पण सगळ्या एकाच घाण्यातल्या होत्या ना!"

*

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, लगेच संपतं.

आपल्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींना टी-सेल म्हणतात. शरीरात आपला कोण, परका कोण हे ओळखणारी ही फौज. कॅन्सरच्या पेशंटमध्ये ती किती उरलीय, आणि बीसीजीची लस टोचून तिला डिवचलं तर ती वाढते का, हे सर बघत होते. आता मोजायला यंत्रं आली. तेव्हा एकच युक्ती होती. माणसाच्या टी-सेलला मेंढ्याच्या लाल पेशी आपोआप चिकटतात. का चिकटतात ते तेव्हा कुणालाच धड माहीत नव्हतं, पण चिकटतात! मायक्रोस्कोपखाली मधे एक पेशी आणि भोवती लाल पेशींचा गजरा दिसतो. त्याला आम्ही रोझेट म्हणायचो. जिच्याभोवती गजरा ती टी-सेल, की घाल मोजणीत.

हे सगळं सरांनी एकदा माल्याच्या चावडीवर समजावून सांगितलं, कारण तुलनेसाठी आम्हाला धडधाकट माणसांचं रक्त हवं होतं. सर म्हणाले, "समजा टी-सेल म्हणजे पोलीस. त्यांना मेंढ्याच्या पेशी दिसल्या की—"

मागून आवाज आला, "सायेब, मटन दिसल्यावर कुटला पोलीस सोडतुया!"

चावडी अशी काही हसली की सरांचं पुढचं शास्त्र कुणी ऐकलंच नाही. आणि रक्ताचा विषय निघाल्यावर एक म्हातारबा काठी आपटत उठले. "धरनात जमीन घेतली. पानी घेतलं. त्याची ईज केली ती ममईला न्हेली. आमी हितं कंदील लावतुया. आता रगात तेवढं ऱ्हायलं व्हतं, व्हय?"

आमच्याकडेही वीज नव्हती, म्हणजे असली तर असायची. मायक्रोस्कोपला आरसा लावून आम्ही खिडकीतल्या उन्हावर पेशी मोजायचो आणि ढग आला की संशोधन थांबायचं. सर त्या म्हातारबांना एवढंच म्हणाले, "तुमचं बरोबर आहे." पुराव्याशिवाय न बोलणाऱ्या माणसानं लगेच दिलेली ती एकमेव कबुली.

शेवटी दिनकरनं डोकं चालवलं. त्यानं भूगावच्या तालमीतून आपले दोन चुलतभाऊ आणले आणि त्यांचे आकडे माल्याच्या पैलवानांना ऐकवले. झालं! दुसऱ्या दिवशी लॅबच्या खिडकीत एवढे खांदे जमले की आरशावर ऊन पडेना. "माझं मोजा." "ह्याच्यापरास जास्ती हाय का माझं?" "पुन्यांदा मोजा, काल म्या उपाशी व्हतो." जत्रेच्या फडात ललकाऱ्या उठायला लागल्या, "टी-सेलला भारी हाय रं गडी!" एका पोरीच्या बापानं तर स्थळ बघताना नवऱ्या मुलाचा आकडा आमच्याकडून काढून नेला. लग्न जमलं. सर म्हणाले, "सुखी होतील की नाही, अजून सांगता येत नाही."

*

पेशंटचं रक्त मात्र पुण्याच्या इस्पितळातून यायचं. आणायचं मी, एसटीनं, थर्मासमध्ये. एका सकाळी गाडी खच्चून भरलेली. शेजारच्या बाईंनी थर्मास बघितला, पदरानं घाम पुसला आणि प्रेमानं विचारलं, "ताई, चा हाय का? घोटभर द्या की."

"चहा नाही हो, रक्त आहे."

"कुनाचं?"

"एका माणसाचं."

बाई उठल्या. पुढचे उठले. मागचेही उठले. माझ्या आजूबाजूला दोन बाकडी मोकळी आणि बाकीची गाडी एकमेकांच्या मांडीवर! कंडक्टर तिकीट द्यायलासुद्धा जवळ आला नाही. त्या दिवसापासून पौडच्या गाडीत मला कायम खिडकीची जागा मिळाली. दिनकर म्हणायचा, "ताई, रक्त नसेल त्या दिवशीपण थर्मास न्या."

*

मेंढ्याचं रक्त आणण्याचं काम सरांनी स्वतःकडे घेतलं होतं. पौडला रसूलमामा मुलाण्यांचं मटणाचं दुकान होतं. दर रविवारी सकाळी सोवळ्या घरातले, अंड्यालाही न शिवलेले लेले सर स्वच्छ पांढरी बाटली घेऊन त्या रांगेत उभे! रक्त साकळू नये म्हणून बाटलीत औषध घातलेलं असायचं, ते सर सारखं हलवत राहायचे.

गिऱ्हाइकांना वाटलं, साहेबांना रक्ती, म्हणजे रक्ताची भाजी, आवडते. मग सल्ले सुरू झाले. "कांदा बक्कळ घाला." "कोथमीर वरनं घाला." सर सगळ्यांना मान डोलवून "आभारी आहे" म्हणायचे. त्यांना वाटायचं, गावकरी प्रयोगात रस घेतायत. एका रविवारी कुणीतरी विचारलं, "मग सायेब, परवाची झाली का चांगली?"

सर खिन्नपणे म्हणाले, "नाही हो, सगळं फुटलं. हळू हलवायला हवं होतं."

रोझेट फार नाजूक. जरा जोरात हलवलं की गजरे सुटतात. आणि दुकानातल्या रक्तानं मुळात धड होतच नव्हते. आज या मेंढ्याचं, उद्या त्याचं. काहींच्या पेशी चिकटायच्या, काहींच्या नुसत्या बघत बसायच्या. रसूलमामांना सरांची दया आली. ते म्हणाले, "सायेब, रोज नवं जनावर कशापायी? येकच तगडा मेंढा धरा. माल्यात आप्पाकडं हाय. तुमच्या कुंपनाला लागूनच त्याचं घर हाय की."

असा आमच्या आयुष्यात सुलतान आला.

*

सुलतानच्या पेशींसारख्या पेशी मी नंतर परदेशातसुद्धा पाहिल्या नाहीत. काय ते गजरे! दिनकर मायक्रोस्कोपला डोळा लावून "वा, वा" करायचा, गाण्याच्या मैफलीत करतात तसं. माझं पीएचडीचं सगळं काम त्या एका मेंढ्याच्या मानेतल्या शिरेवर उभं राहिलं.

पण सुलतान नवसाचा होता.

त्याचं असं झालं. आप्पांच्या डाव्या तळपायावर एक काळा डाग आला. भाताच्या चिखलात राबणारा माणूस, डागाकडे कोण बघतो? बघितलं तेव्हा तो कॅन्सर निघाला. ऑपरेशनला आप्पा पुण्याला गेले त्या दिवशी त्यांच्या बायकोनं, गंगूकाकूंनी, एक कोकरू आणलं आणि डोंगराच्या पायथ्याच्या पिराला बोलून टाकलं, "धनी बरं झालं असं डाक्टरच्या त्वांडनं ऐकलं की कंदुरी करीन." कंदुरी म्हणजे नवसाचं जनावर पिराला द्यायचं आणि गावाला जेवण घालायचं. इथं हिंदू-मुसलमान सगळेच करतात. सुरी धरण्याचा मान मुलाण्यांचा, म्हणजे आपल्या रसूलमामांचाच.

पुढं आप्पा सरांचे पेशंट झाले. सर त्यांना बीसीजी टोचत आणि आम्ही त्यांच्या टी-सेल मोजत असू. कशानं? सुलतानच्या रक्तानं!

आता पेच बघा. आप्पा बरे झाले तर सुलतान जाणार. सुलतान गेला तर आप्पा बरे राहिलेत की नाही हे मोजणार कशानं? मी हे सरांपुढं मांडलं. सर छताकडे बघत म्हणाले, "याला तुलनेचा कंट्रोलसुद्धा लावता येत नाही."

*

दर तपासणीला काकू पाठोपाठ यायच्या. डोक्यावर पदर, हात जोडलेले, आवाज खणखणीत. "सायेब, ह्यांचं बरं झालं म्हना की येकदा!"

सर पाय बघायचे, जांघेतल्या गाठी चाचपायचे, चष्मा पुसायचे. "प्रकृती समाधानकारक आहे."

"म्हंजी बरं झालं?"

"तसं अजून सांगता येत नाही."

आणि हे ऐकून आप्पांचा चेहरा असा खुलायचा की मला कळेचना! पेशंटला अजून बरा नाही म्हटल्यावर असा आनंद झालेला मी इतर कुठं पाहिला नाही. काकू पुढं काही विचारायच्या नाहीत. बाहेर पडताना कमरेची चंची काढायच्या आणि सुलतानला गुळाचा खडा देऊन जायच्या. उरूस आला की रसूलमामा येऊन विचारायचे, "वैनी, आप्पा बरं झालं का?" काकू म्हणायच्या, "कशाचं वो भावजी, लंगडत्यात की अजून." रसूलमामा आभाळाकडे बघून म्हणायचे, "मग पुढल्या उरसाला."

सुलतान दिवसभर आमच्याच आवारात असे. उंदरांच्या वाटणीचे हरभरे खाऊन तो एवढा माजला की अनोळखी माणूस दिसला की मागं सरकून शिंगं रोखायचा. त्याचं रक्त काढायचं तर दिनकरनं मान धरायची, आप्पांनी कानात बोलत राहायचं आणि मी सुई घालायची. याच काळात मला बघायला पाहुणे आले. मुलाच्या आईनं विचारलं, "नोकरीत नेमकं काय करतेस गं?"

"मेंढ्याचं रक्त काढते."

आईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मुलगा मात्र पुढं सरकून म्हणाला, "शिंगं मारत नाही?" मी त्याच्याशीच लग्न केलं.

*

उंदरांवर अन्याय नको, म्हणून त्यांचाही एक. बीसीजी दिलेले उंदीर एका पिंजऱ्यात, न दिलेले दुसऱ्यात. कोण जास्त जगतं हे बघायचं होतं. सकाळी येऊन बघतो तर लस दिलेला पिंजरा रिकामा आणि कोपऱ्यात एक लांबलचक धामण पोट फुगवून पडलेली! आम्हाला बघून ती कशीबशी भिंतीच्या भोकातून निघून गेली. लस न दिलेल्यांना तिनं तोंडही लावलं नव्हतं.

सर हादरले. पण शिस्त म्हणजे शिस्त. "दिनकर, रिपोर्टात लिही, लॉस्ट टू फॉलो-अप. पुढचा पाठपुरावा होऊ शकला नाही."

"असं कसं सर? फॉलो केलं की! बिळापर्यंत गेलो होतो मी."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "धामणीची तब्येत कशी वाटली?"

"एकदम टवटवीत, सर."

"एका धामणीवरून सांगता येत नाही," सर म्हणाले आणि आत निघून गेले.

*

एक दिवस मात्र कुणी हसलं नाही. तपासता तपासता सरांचा हात आप्पांच्या डाव्या जांघेत थांबला. एक गाठ लागली. तळपायाचा कॅन्सर परतला तर पहिल्यांदा तिथंच दिसतो, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी उगीच टेबलावरच्या बाटल्या सरळ करत राहिले. आप्पा आमच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "सुलतानाला आज रगात काडायचं न्हवं? मग धरायला यीन."

गाठीचा तुकडा पुण्याला तपासायला गेला. उत्तर येईपर्यंत मी जेवताना, चालताना, एसटीत, सारखी पिराच्या दिशेनं बघत होते. शास्त्रज्ञ असून बघत होते, हे स्पष्टच सांगते. आप्पा आम्हाला पेशंट राहिलेच नव्हते, घरचे झाले होते.

उत्तर आलं. कॅन्सर नव्हता. पायात बाभळीचा काटा मोडून आत राहिला होता, त्यानं गाठ आली होती. दिनकर ओरडतच बाहेर धावला. काकू जात्याशी बसल्या होत्या, तिथंच हमसून हमसून रडल्या. आणि सर, आमचे पुराव्याचे सर, पोल्ट्रीच्या मागं जाऊन एकटेच उभे राहिले. परत आले तेव्हा चष्मा पुसत होते.

*

त्या पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत मी आणि दिनकर बांधावरून येत होतो. समोरच्या भातखाचरात एक गडी डोक्यावर रोपांचा भारा घेऊन चिखलातून नुसता पळत होता. दिनकर म्हणाला, "कोण हो हा?"

आप्पा होते! लंगडणं नाही, कण्हणं नाही, काही नाही. इतक्यात वरच्या बांधावर काकूंचं लुगडं दिसलं. आप्पांचा डावा पाय तत्काळ लुळा पडला. "आई गं," करत ते बांधावर टेकले.

काकू गेल्यावर आम्ही त्यांना गाठलं. आप्पांनी हात जोडले. "ताई, तिला सांगू नगा. ती शबुद मोडायची न्हाई. म्या आप्रेशन करून आलो, दोन म्हैने हातरुनात पडून व्हतो. तवा ह्यो येवढासा सुलतान माज्या उशाला बसून ऱ्हायचा. माज्या तळहातावरनं खाल्लंय त्यानं. आता म्या बरा झालो म्हनून ह्याला कापायचं? ह्यापरीस लंगडा बरा."

"पण आप्पा, असं किती दिवस लंगडणार?"

"सुलतान म्हातारा हुस्तवर," आप्पा म्हणाले. "मेंढ्याचं आयुक्ष असतंय किती?"

सरांना सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं. खोटं बोलायची वेळ आली असती तर बिचारे कोलमडले असते.

*

आणि मग दिल्लीची कमिटी आली.

माल्याची लॅब ठेवायची की बंद करायची, हे ठरवायला. कमिटीचे मुख्य एक मोठे प्रोफेसर होते, भरघोस मिशांचे. लॅब बंद म्हणजे सरांचं आयुष्यभराचं काम बंद, माझी पीएचडी बंद, दिनकरची नोकरी बंद. सरांनी आपली सगळ्यांत चांगली केस मांडायची ठरवली. अर्थात आप्पा! आप्पांना बोलावणं गेलं. सोबत काकूही आल्या. "लंगडत्यात, येकट्याला कसं धाडू?"

सुलतान बाहेरच्यांना शिंगं मारतो म्हणून दिनकरनं त्याला पेरूच्या झाडाला बांधलं होतं. आत सर इंग्रजीत वाचत होते: रोग परतलेला नाही, टी-सेल उत्तम, ऑपरेशनचा पाय पूर्ण भरून आलेला. तेवढ्यात पेशंट आला. भिंत धरून, डावा पाय ओढत, कण्हत.

प्रोफेसरांच्या मिशा हलल्या. ते मला म्हणाले, "पूछिए, कैसा लग रहा है."

मी विचारलं. आप्पांनी चोरून दाराकडे बघितलं. दारात काकू उभ्या. "लई वंगाळ हाय, सायेब. पाय टेकवत न्हाई."

मला भाषांतर करावं लागलं. सरांच्या कपाळावर घाम आला. प्रोफेसर म्हणाले, "डॉक्टर लेले, ये आपका बेस्ट केस है?" सर हातातले कागद पुन्हा चाळू लागले. आप्पांनी सरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मान खाली घातली. त्यांना सगळं कळत होतं. बरा आहे म्हटलं तर सुलतान जात होता आणि नाही म्हटलं तर आम्ही जात होतो. प्रोफेसरांनी कागद मिटले. "फिर ये लॅब क्यों चलाएँ?"

त्याच वेळी बाहेर कमिटीच्या जीपचा हॉर्न वाजला. ड्रायव्हरनं गंमत म्हणून सुलतानच्या कानाशी वाजवला होता! सुलताननं एक हिसडा मारला, दावं तुटलं आणि तो फाटकातून सरळ मुळशीच्या रस्त्यावर! पौडकडून एसटी येत होती, उतारानं, जोरात.

आप्पांनी खिडकीतून हे बघितलं. दाराकडे वळायलासुद्धा ते थांबले नाहीत. आमचा मायक्रोस्कोपचा आरसा उडवून खिडकीतून उडी, कुंपणावरून दुसरी उडी, अनवाणी पायांनी खडीवरून अशी धाव, की काय सांगू! सुलतानला रस्त्याच्या मधोमध मिठी घातली, उचलला आणि खांद्यावर घेऊन पलीकडे. एसटी करकचून थांबली. ड्रायव्हरनं जे काही सुनावलं ते इथं लिहिता येत नाही.

आम्ही सगळे अंगणात. प्रोफेसर खडीकडे बघत होते, कुंपणाकडे बघत होते. "माय गॉड," ते म्हणाले. "लेले, लॅब चालू रहेगी!" आणि सरांचा हात धरून गदागदा हलवत विचारलं, "तो मान लें, ये आदमी ठीक हो गया?"

सरांनी काकूंकडे बघितलं. मग सुलतानकडे. आणि खणखणीत मराठीत म्हणाले, "अजून सांगता येत नाही!"

एवढ्यात थांबलेल्या एसटीतून कोण उतरावं? रसूलमामा! खांद्यावर टॉवेल, हातात पिशवी. त्यांनी सगळं काचेतून बघितलं होतं. ते सावकाश फाटकापर्यंत आले. "वैनी," त्यांनी विचारलं, "आता म्हनायचं का, आप्पा बरं झालं?"

आप्पा तगडा मेंढा खांद्यावर घेऊन फाटकातून आत येत होते. रसूलमामा दिसले, काकू दिसल्या, आणि आप्पा घाईघाईनं लंगडायला लागले. उजव्या पायानं!

काकूंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग पदर सावरला. "कशाचं बरं वो भावजी! बगा की, अजून कसं लंगडत्यात."

रसूलमामांनी आप्पांच्या पायाकडे बघितलं. मग आभाळाकडे बघितलं. "व्हय," ते म्हणाले. "मग पुढल्या उरसाला."

काकू पुढं झाल्या. सुलतानच्या गळ्यातलं तुटलेलं दावं सोडवायला त्या आप्पांच्या अगदी जवळ गेल्या. मी शेजारीच उभी होते, म्हणून मला ऐकू आलं. दाव्याची गाठ सोडता सोडता, ओठ न हलवता, त्या हळूच म्हणाल्या,

"आवं, डावा! डावा पाय!"